वाट चुकलेल्या वाचकाची बाजू

हायपरटेक्स्ट साहित्याच्या चर्चेत वाचकाला मोठा मान दिला जातो. पण तो तोंड उघडेपर्यंतच. वाचक हा सहनिर्माता, वाचक हाच संहितेचा खरा स्वामी, वाचकाच्या निवडीतून संहिता अस्तित्वात येते, ही विधाने आता आपल्या विद्यापीठीय समीक्षेतही चांगलीच रुळली आहेत. हाच वाचक जेव्हा 'मी कुठे आहे ते कळत नाही', 'किती वाचले आणि किती राहिले याचा अंदाज येत नाही', 'याच मजकुरावर तिसऱ्यांदा येऊन पोचलो' अशा तक्रारी करू लागतो, तेव्हा मात्र त्याचे स्वामित्व तत्काळ काढून घेतले जाते. त्याची तक्रार एकतर निव्वळ तांत्रिक म्हणून बाजूला सारली जाते, किंवा मुद्रणसंस्कृतीने घडवलेल्या जुनाट सवयीचे लक्षण म्हणून तिचे निदान केले जाते. प्रस्तुत लेखाचा रोख या निदानावर आहे. मांडणीविषयीच्या आणि मजकुरातील वाटांविषयीच्या वाचकाच्या प्रतिक्रिया साहित्यबाह्य नसतात. त्या रूपबंधाविषयीच्या प्रतिक्रिया असतात, आणि त्यांना समीक्षेचा दर्जा नाकारणे म्हणजे वाचककेंद्री म्हणवणाऱ्या सिद्धान्ताने वाचकालाच हद्दपार करणे होय.

इतिहास थोडक्यात असा. परस्परांशी जोडलेल्या टिपणांतून वाट काढता येईल अशा यंत्राची कल्पना व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ साली मांडली. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द थिओडोर नेल्सन यांनी १९६५ साली प्रसिद्धीस आणला. साहित्यात त्याचा पहिला गाजलेला आविष्कार म्हणजे मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही १९८७ची कथा. ती १९९० साली ईस्टगेट या प्रकाशनाने संगणकाच्या तबकडीवर विक्रीस आणली. १९९२ साली जॉर्ज लँडो यांचे 'हायपरटेक्स्ट' हे पुस्तक आले आणि त्याबरोबर एक आकर्षक समीकरणही आले: बार्थ आणि देरिदा यांनी जे सिद्धान्तरूपाने सांगितले तेच संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष साकार झाले आहे. केंद्र नाही, आरंभ नाही, अंत नाही, लेखकाची सत्ता नाही. आपल्याकडे हे समीकरण उत्तर-आधुनिकतेच्या सामानाबरोबर आले आणि उतरवून घेताना ते कोणी उघडून पाहिले नाही. एम. ए.च्या वर्गात हायपरटेक्स्टवर परिच्छेदभर मजकूर सांगितला जातो. मात्र ज्यावरून तो सिद्धान्त काढला त्यांपैकी एकही कृती ना सांगणाऱ्याने वाचलेली असते ना ऐकणाऱ्याने. वाचल्याखेरीज वाचकाच्या स्वातंत्र्याचा गौरव करण्याचा हा प्रकार गमतीचाच म्हटला पाहिजे.

मुळात ते समीकरणच तपासून पाहावे लागते. बार्थ यांनी 'एस/झेड' या १९७०च्या ग्रंथात बाल्झाकच्या 'साराझिन' या कथेचे ५६१ तुकडे केले, हे खरे. परंतु ते तुकडे कोणी केले? वाचकाने केले. त्यांचा क्रम बदलला का? नाही. कथा जशी पुढे सरकते तशीच ती सरकू देऊन, प्रत्येक तुकड्यापाशी थांबण्याचा, मागे पाहण्याचा, वाकडी वाट करण्याचा हक्क बार्थ यांच्यातील वाचकाने बजावला. हायपरटेक्स्टमध्ये याच्या उलट घडते. तुकडे लेखकाने पाडलेले असतात, दुवे लेखकाने जोडलेले असतात, कोणत्या शब्दावर बोट ठेवले असता कोणते दार उघडेल हेही त्यानेच ठरवलेले असते. वाचकाच्या हाती उरते ती त्या दारांपैकी एक निवडण्याची मुभा. पुस्तकाचा वाचक शेवटचे पान आधी वाचू शकतो, मधली पन्नास पाने उडवू शकतो, उजव्या हातातील पानांच्या जाडीवरून शेवट किती दूर आहे हे ताडू शकतो. यांपैकी एकही स्वातंत्र्य 'आफ्टरनून'चा वाचक सहजी घेऊ शकत नाही. तेव्हा लेखकाची सत्ता येथे संपली असे म्हणणे धाडसाचे आहे. ती फक्त दिसेनाशी झाली आहे. आणि न दिसणाऱ्या सत्तेविरुद्ध तक्रार करणाऱ्यालाच मागासलेला ठरवणे ही सत्तेची जुनीच रीत आहे.

वाचकांच्या प्रतिक्रिया गंभीरपणे नोंदवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कॅनडातील डेव्हिड मायल आणि टेरेसा डॉब्सन यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एलिझाबेथ बोवेन यांची 'द डेमन लव्हर' ही कथा त्यांनी काही वाचकांना सरळ क्रमाने वाचायला दिली, तर काहींना दुवे घातलेल्या स्वरूपात. दुवे असलेली कथा वाचणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वाचकांनी कथेचा धागा धरणे अवघड गेल्याचे सांगितले; सरळ वाचणाऱ्यांत अशी तक्रार दहांपैकी एखाद्याचीच होती. दुव्यांच्या वाचकांना वेळही अधिक लागला, आणि त्यांचे लक्ष कथेपेक्षा कथेच्या यंत्रणेकडे अधिक गेले.

हायपरटेक्स्टच्या विरोधकांनी हा अभ्यास विजयपताकेसारखा मिरवला. तो तसा मिरवता येत नाही. बोवेन यांनी ती कथा दुव्यांसाठी लिहिलेली नव्हती. भयकथेचा सारा ताण 'यानंतर काय' या प्रश्नावर तोललेला असतो. अशा कथेच्या वाक्यांत दारे पाडली तर ताण गळून जाणारच. तिळगुळाच्या लाडवाचे काप करून तो नीट कापला गेला नाही म्हणून सुरीला दोष द्यावा, त्यातला हा प्रकार. त्या वाचकांनी खरे तर अचूक समीक्षा केली होती. या दुव्यांची या आशयाला गरज नाही, हेच त्यांनी आपल्या गोंधळातून सांगितले. सिद्धान्ताने मात्र त्याचे दोनच अर्थ लावले: एका पक्षाने 'वाचक अजून तयार झालेला नाही' असा, आणि दुसऱ्याने 'माध्यमच वाङ्मयद्रोही आहे' असा.

आता खुद्द 'आफ्टरनून'कडे वळू. तिच्यात ५३९ मजकूरखंड आणि ९५१ दुवे आहेत. दुवे ठळक केलेले नाहीत. कोणता शब्द पुढे नेईल हे वाचकाने अंदाजाने ओळखायचे. काही वाटा तर विशिष्ट खंड वाचून झाल्याखेरीज उघडतच नाहीत. निवेदकाने सकाळी रस्त्यावर एक अपघात पाहिला आहे, आणि त्यात आपली घटस्फोटित पत्नी व मुलगा तर नसतील ना, ही शंका त्याला कुरतडते आहे. त्याला सत्य हवे आहे आणि नकोही आहे. तो फोन करायचे ठरवतो, टाळतो, दुसऱ्याच विषयाकडे वळतो. येथे वाचकाचे भरकटणे आणि निवेदकाचे टाळणे एकाच अनुभवाची दोन अंगे होतात. वाट बंद असते, कारण निवेदकानेच ती मनात बंद केलेली असते. या कथेचा वाचक चिडतो तेव्हा त्याची चीड कथेच्या आशयात सामावली जाते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विरोधलय सिद्ध होते. मी ही कृती श्रेष्ठ मानतो, आणि तरीही तिच्या एका बाबीवर वाचकांनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. वाचक वाटा तुडवून कंटाळला की वाचन संपले, अशी भूमिका जॉइस यांनी घेतली आहे. कंटाळा हा कृतीचा शेवट ठरवणे म्हणजे शेवटाची जबाबदारी वाचकाच्या सहनशक्तीवर ढकलणे होय. आपल्या एखाद्या कादंबरीकाराने असे म्हटले असते तर त्याची गय झाली नसती.

निकष मग कोणता? दुवा आशयातून निघाला आहे की आशयावर चिकटवला आहे, हा. यासाठी परदेशी उदाहरणांवरच अवलंबून राहण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर लिहिलेला एक ग्रंथ जतन करून ठेवलेला आहे: दासोपंतांची पासोडी. मराठीच्या अभ्यासकांना ती ठाऊक नाही असे नाही. पण आपल्या वाङ्मयेतिहासांत तिची नोंद बहुधा नवलाची वस्तू म्हणून होते, रूपबंधाचा प्रश्न म्हणून होत नाही. लांबीरुंदी सांगितली की विषय संपतो.

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. म्हणजे सरळ रेषेत, ओवीमागून ओवी, गीतेच्या श्लोकांचा क्रम धरून अखंड चालत राहण्याचे सामर्थ्य या कवीपाशी किती होते हे निराळे सांगायला नको. त्याच हाताने पंचीकरण हा विषय मात्र कापडावर, ओव्यांसोबत आकृत्या काढून मांडला. हा बदल लहर म्हणून झाला असे मानायचे का? पंचीकरणाची प्रक्रिया ध्यानात घेतली की उत्तर मिळते. पाच महाभूते. प्रत्येक स्थूल भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. यातून देहातील पंचवीस तत्त्वे उलगडतात: पृथ्वीची अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम, तेजाची क्षुधा, तृषा, आळस, निद्रा, मैथुन, आणि याप्रमाणे पुढे. या पंचवीसांपैकी प्रत्येक तत्त्वाला दोन पत्ते आहेत. ते ज्या भूताचे, तो एक. आणि त्यात ज्या भूताचा अंश मिसळला, तो दुसरा. ओवीच्या क्रमाने सांगायचे तर यांपैकी एकच पत्ता एका वेळी सांगता येतो आणि दुसरा पुन्हा पुन्हा उच्चारावा लागतो. समर्थांच्या 'दासबोधा'त हाच विषय ओवीत आला आहे. तेथे श्रोत्याला सारे कोष्टक मनात उभे करावे लागते. कापडावर ते डोळ्यांपुढे उभे राहते. आडवे वाचा, उभे वाचा. दोन्ही वाटा खऱ्या, कारण त्या विषयातच आहेत.

वर्गात पासोडीचे छायाचित्र भिंतीवर लावले तर विद्यार्थी 'कुठून वाचायचे' असे फारसे विचारीत नाहीत. ते जवळ जातात, मागे सरतात, पुन्हा जवळ जातात. ग्रंथाचा संपूर्ण विस्तार एका दृष्टिक्षेपात दिसतो आणि अक्षर वाचायला जवळ यावे लागते. हरवण्याची भीती तेथे उद्भवत नाही. पडद्यावरील हायपरटेक्स्टमध्ये नेमके हेच गमावलेले असते: अंश दिसतो, पूर्ण दिसत नाही. 'मी कुठे आहे' हा वाचकाचा प्रश्न म्हणजे सवयीचा हट्ट नव्हे. अंश आणि पूर्ण यांचे नाते कळावे, ही प्रत्येक आस्वादाची मूलभूत मागणी आहे. सौंदर्यशास्त्राने एरवी ती कधी नाकारलेली नाही.

येथे कोणी म्हणेल की पासोडी हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ, त्यावरून ललित साहित्याविषयी निष्कर्ष कसे काढता? आक्षेप रास्त आहे. म्हणून महानुभावांकडे जाऊ. 'लीळाचरित्र' ही सुट्या लीळांची संहिता आहे. केसोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. प्रसंगातून वचन सुटले की त्याचा अर्थ निसटतो, ही अडचण पंथीयांना फार लवकर जाणवली असली पाहिजे. कारण कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' त्यांनी रचले. सूत्राकडून लीळेकडे नेणारा दुवा म्हणून याहून नेमके उदाहरण सांगता येणार नाही. आणि लीळेकडून स्थळाकडे नेणारी 'स्थानपोथी' आहेच. म्हणजे एक वचन, त्याचा प्रसंग, त्या प्रसंगाची जागा, अशी तिहेरी जोडणी मराठी गद्याच्या आरंभकाळातच झालेली आहे. पाठभेदांची परंपराही या वाङ्मयाने जपली. भिन्न आठवणी शेजारी शेजारी ठेवून वाचकाला निवड करू दिली.

या वाङ्मयात वाचक हरवत असे का? पंथाबाहेरचा तर पुरता हरवत असे. सकळा, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांनी दारच बंद केले होते आणि ते विसाव्या शतकात उघडले. पण पंथातील वाचकाला वाट दाखवणारा माणूस शेजारी असे. हा मुद्दा माझ्या मते कळीचा आहे. आपल्या परंपरेतील बहुपदरी संहिता एकट्या वाचकासाठी नव्हत्या. पुराणिक होता, कीर्तनकार होता, निरूपण करणारा होता. विषय कोठून कोठे गेला आणि परत कोठे यायचे हे तो जाणत असे. कीर्तनात आख्यान सोडून दृष्टान्तात शिरलेला कीर्तनकार मूळ पदावर परत येतो आणि श्रोत्यांना ते परतणे सुरांतूनही कळते. हायपरटेक्स्टचा वाचक एकटा आहे आणि त्याला वाट दाखवण्याचे सारे काम मांडणीवर येऊन पडले आहे. मांडणी म्हणजे येथे निरूपणकार. ती वाईट असेल तर निरूपण वाईट झाले असेच म्हटले पाहिजे. श्रोत्यांचे कान सदोष आहेत असे म्हणून कोणताही पुराणिक सुटला नसता.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींविषयी. छापील पुस्तकाचा गंध, पानांचा स्पर्श, खिडकीतला पाऊस असा भावविवश सूर लावून पडद्यावरील साहित्य मोडीत काढणाऱ्यांचे वाचकांच्या तक्रारींवरील प्रेम संशयास्पद आहे. त्यांना वाचक तक्रार करतो याचाच आनंद. ती कशाविषयी आहे याची फिकीर नाही. पोथीचे सुटे पान, ओवीचे आकडे, अध्यायसमाप्तीची लाल शाई, चुकीवर लावलेली हरताळ आणि समासातील दुरुस्ती या सर्व एकेकाळच्या मार्गनिर्देशनाच्या युक्त्याच होत. विश्वकोशाच्या छापील खंडांत शब्दामागे बाण काढून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवले जाते. तो बाण पाहून कोणाही वाचकाची एकाग्रता भंगल्याचे ऐकिवात नाही, कारण कोश वाचणारा वाचक जोडणीसाठीच आलेला असतो. (असे छापील ग्रंथ पडद्यावर आणताना कित्येकदा तो बाण केवळ चित्र म्हणून शिल्लक राहतो, त्यावर बोट ठेवले तर काहीच घडत नाही. दुवा असून नसण्याचा हा नवा अलंकारच मानावा लागेल.) तेव्हा पुस्तक विरुद्ध पडदा हे द्वंद्व खोटे आहे.

मराठी वाचकाच्या बाबतीत प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि इंग्रजी सिद्धान्त त्याविषयी गप्प आहे. लँडो आणि त्यांचे अनुयायी गृहीत धरतात की अक्षर पडद्यावर दिसतेच. प्रश्न फक्त पुढे जाण्याचा. आपला प्रश्न अक्षरापासून सुरू झाला. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी प्रत्येक संकेतस्थळाचा टंक निराळा. तो आपल्या यंत्रावर नसेल तर मराठीच्या जागी रोमन चिन्हांची रांगोळी उमटे. त्या मजकुरात शब्द शोधणेही शक्य नसे. आजही 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र काही यंत्रांवर तुटून उमटतो, आणि 'ल' व 'श' यांची मराठी वळणे टिकवण्यासाठी शासनाला निर्णय काढावे लागले. असा मजकूर पाहून जो वाचक मागे फिरला त्याच्याविषयी 'तो अरेषीय वाचनाला तयार नव्हता' असे म्हणणे क्रूर आहे.

शिवाय हा वाचक कोण? आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांची घरे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्यातील काही मुले फडावरून परीक्षेपुरती परततात. त्यांच्याजवळ संगणक नाही. मोबाइल आहे, आणि त्यावर बोटभर रुंदीत मावेल तेवढाच मजकूर एका वेळी दिसतो. सिद्धान्तातील 'भटकता वाचक' ही त्यांच्या दृष्टीने फारच चैनीची कल्पना आहे. पडदा मिटला, संपर्क तुटला, आणि पुन्हा उघडले तर आपण पहिल्या पानावर. या वाचकाला खूण ठेवता येत नसेल तर त्याला कृती वाचताच येत नाही. त्याने 'मागे जायची सोय नाही' असे म्हटले तर ते व्यवस्थापनाकडे केलेले गाऱ्हाणे नाही. कृतीने आपल्यासाठी जागा ठेवलेली नाही, हे त्याने ओळखले आहे.

हे साहित्य स्वतःच किती क्षणभंगुर ठरले याकडेही डोळेझाक करता येत नाही. तबकड्यांवरील आरंभीच्या कृती आजच्या यंत्रांवर तशाच उघडत नाहीत. फ्लॅश या तंत्रावर उभारलेल्या असंख्य कृती, २०२० अखेर त्या तंत्राचा आधार काढून घेतला गेल्यावर, जतन करणाऱ्यांच्या खटाटोपाशिवाय पाहता येईनाशा झाल्या. चारशे वर्षांपूर्वीचे कापड मात्र वाचता येते. यावरून कापड श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. पण 'अंत नसलेली संहिता' म्हणून जिचे कौतुक झाले तिचा अंत एका कंपनीच्या निर्णयाने झाला, ही गोष्ट सिद्धान्ताने आपल्या हिशेबात धरलेली नव्हती.

पासोडीची पडद्यावरील आवृत्ती कशी असावी याचा विचार करून पाहिला तर हे सारे प्रश्न हाताशी येतात. सबंध कापड एका नजरेत दिसले पाहिजे आणि ओवीही वाचता आली पाहिजे. सहा इंची पडद्यावर या दोन गोष्टी एकदम होत नाहीत. मग आधी काय दाखवायचे? पंचवीस तत्त्वांच्या प्रत्येक घरातून दोन्ही पत्त्यांकडे जाता आले पाहिजे. पण त्याखेरीज तिसरा दुवा, म्हणजे शब्दार्थ, संपादकाची टीप, गीतार्णवातील समांतर स्थळ, हा कापडाच्या रचनेत घालायचा की कापडाबाहेर ठेवायचा? माझे मत बाहेर ठेवावा असे आहे. दासोपंतांनी जेथे वाट काढली नाही तेथे आपण दार पाडू नये. आपल्या टिपांना समास पुरेसा आहे. आणि आवृत्ती सिद्ध होण्यापूर्वी ती फडावरून परतलेल्या दहा मुलांच्या हातात, त्यांच्याच मोबाइलवर, द्यावी. ती कोठे थांबतात, कोठे परत फिरतात, कोठे वैतागतात ते पाहावे, आणि ते संपादकीय प्रस्तावनेत पाठभेदांच्या शेजारी नोंदवावे.